चाळीत ताप मी आणला

सत्तावन सालचा फ्लू पिंपरीत कुठून आला याबद्दल डॉक्टरांचं मत काहीही असो, आमच्या चाळीचं मत पक्कं होतं. तो मी आणला. मुंबईहून आणला, जहाजावरून आणला, आणि आणताना कुणाला विचारलंसुद्धा नाही. यात अडचण एकच होती. तोवर मी मुंबई पाहिलेली नव्हती.

मला बोलायची खोड आहे. आता म्हातारपणी ती कौतुकात खपते, तेव्हा खपत नसे. मी कारखान्यात लेथवर होतो, लग्नाचा होतो, आणि दिसायला बरा होतो असं माझं मत होतं. पुणे-मुंबई रस्त्याच्या कडेला, बाजरीच्या शेतांना खेटून उभी राहिलेली आमची पत्र्याची चाळ. साताऱ्याकडचे, कोकणातले, बीड-परभणीकडचे आम्ही बहुतेक सडेफटिंग, आणि चारदोन कुटुंबं. उठायचं भोंग्यावर, जेवायचं भोंग्यावर. जेवण मावशीकडे. मावशी गावातलीच. तिच्या सासरची जमीन कारखान्यात गेली, नवरा त्याआधीच गेला होता. राहिली ती आणि तिची आंधळी सासू. चाळीच्या टोकाच्या खोलीत तिनं खानावळ घातली होती. तिच्या हातचं पिठलं खाल्लं की आईची आठवण येत नसे, इतकं ते चांगलं असे.

त्या उन्हाळ्यात मी रजा टाकून मामाबरोबर तळेगावला मुलगी बघायला गेलो. मुलीचे वडील निवृत्त मास्तर, मामाच्या ओळखीतले, त्यामुळे मुक्कामच झाला. मुलगी मला पाहताक्षणी आवडली. आवडल्यावर माणसानं गप्प बसावं, तर मी लेथ म्हणजे काय, गिअर कसा कापतात, आमच्या कारखान्याचा भोंगा किती लांब ऐकू जातो, हे सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशीही सांगितलं. निघताना मास्तरांनी मामाला बाजूला घेतलं. परतीच्या वाटेवर मामा म्हणाला, "त्यांचं म्हणणं, मुलगा चांगला आहे, पण बोलतो फार. नको म्हणाले."

आता हे चाळीत येऊन कसं सांगायचं? चाळीत एक टर्नर होता, त्याला आम्ही पुढारी म्हणायचो, कारण वर्तमानपत्र तो वाचायचा आणि आम्हाला ऐकवायचा. त्यानं नळावरच गाठलं. "काय राव, कुठं गायब होता?" मी म्हणालो, मुंबईला. एवढ्यावर थांबलो असतो तर मी तो मी नव्हेच. मी त्याला गोदी दाखवली. आमच्या चाळीपेक्षा लांब जहाज दाखवलं. त्या जहाजावरचा एक गोरा खलाशी माझ्याशी हात मिळवून इंग्रजीत बोलला, आणि मीही बोललो, असं सांगितलं. तो काय म्हणाला ते मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्याच आठवड्यात खानावळीत जेवणारे तिघंजण एकापाठोपाठ अंथरुणाला खिळले. अंग ठणकतंय, डोळे उघडवत नाहीत. पुढाऱ्यानं वर्तमानपत्र वाचून दाखवलं: पूर्वेकडून नवा ताप आला आहे, जहाजांतून बंदरात उतरला आहे. गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी मानमोडीचं नाव काढलं. त्यांच्या तरुणपणी त्या साथीनं घरंच्या घरं ओस पाडली होती. मग काय विचारता!

जवळच्या निर्वासितांच्या कॅम्पातल्या दुकानांतून निलगिरीचं तेल एका दुपारीत संपलं. मग कापूर संपला, सुंठ संपली. पुण्याचा रस्ता बंद होणार अशी कुणीतरी पुडी सोडली, तसे रॉकेल, तांदूळ, तूरडाळ हेही संपले. शेजारच्या जोडप्यानं खोलीत इतके कांदे भरले की रात्री दोघांना ओट्यावर झोपायची पाळी आली. मी या असल्या वेडेपणाला दोन दिवस मनसोक्त हसलो आणि तिसऱ्या दिवशी कॅम्पाकडे धावत सुटलो. कापूर कुठेच नव्हता. एका दुकानदाराला माझी दया आली. त्यानं डांबराच्या गोळ्या दिल्या आणि वास दोन्हींचा उग्रच, असं समजावलं. मलाही पटलं. त्या गोळ्या फडक्यात बांधून मी गळ्यात घातल्या. पुढे कित्येक दिवस मी जवळून गेलो की लोकांना ट्रंकेतल्या कोटाची आठवण होई.

दुकानांत घेण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा चाळीला दोष कुणाचा हा प्रश्न पडला. नळाजवळच्या मोकळ्या जागेत बैठक भरली. पुढारी म्हणाला, आजारी पडलेले तिघंही मावशीच्या पंगतीचे आहेत, तेव्हा खानावळ बंद झालीच पाहिजे. मावशी दारात उभी होती, हात पिठाचे. ती म्हणाली, "खानावळ मोडली तर म्या आन् म्हातारीनं खायचं काय? जमीन हाय का आता आमास्नी?" माना पुढाऱ्याच्या बाजूनं हलत होत्या.

मी उठलो आणि मावशीच्या बाजूनं भाषण ठोकलं. आजही मला वाटतं, ते माझं सर्वांत चांगलं भाषण होतं. रोग खानावळीत शिजत नाही, मी म्हणालो. तो बंदरात उतरतो, गोदीत फिरतो, आणि तिथं गेलेल्या माणसाला चिकटून गावोगाव जातो! टाळीची वाट बघत मी थांबलो. टाळी आली नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि माझ्या जवळ बसलेले हळूहळू सरकत होते.

"मी मुंबईला गेलोच नव्हतो," मी म्हणालो.

"मग कुठं गेला होता?" पुढाऱ्यानं विचारलं.

"तळेगावला."

"तळेगावला कुठलं जहाज लागलं होतं, राव?"

आजारी पडलेले तिघंसुद्धा आपापल्या खोल्यांतून हसले असावेत. का गेलो होतो ते सांगायला तोंड उघडलं, पण फार बोलतो म्हणून नाकारलो गेलो, हे एवढं बोलून झाल्यावर सांगवेना. खानावळ वाचली. निर्णय झाला तो माझ्यापुरता. नळावर मी शेवटी, पंगतीला मी अजिबात नाही.

एकटं पडणं काय असतं ते मला तेव्हा कळलं. न्हाव्याला अचानक वेळ नसे. शेजारच्या लेथवरचा गडी तोंडाला रुमाल बांधून काम करी आणि माझ्याकडे पाठ करी. बोलायला कुणी नाही म्हणून मी लेथशी बोलू लागलो. जेवायचे मात्र हाल झाले नाहीत. मागच्या भिंतीच्या कट्ट्यावर रोज कुणीतरी भाकरी-भाजी पळसाच्या पानाखाली झाकून ठेवी. भाकरी कुणाच्या हातची हे मला कळत होतं. माझ्या भाषणाची ही परतफेड, असं समजून मी छाती काढून जेवायचो.

शेवटी असह्य झालं तेव्हा सायकल काढली आणि तळेगाव गाठलं. मास्तर ओसरीवर होते. मला बघून त्यांचा चेहरा पडला.

"पुन्हा आलात? आम्ही मामांना कळवलं होतं."

मी सगळं सांगितलं. गोदी, जहाज, खलाशी, काही लपवलं नाही. मास्तर खो खो हसू लागले. "म्हणजे आम्ही तुम्हाला नकार दिला, याची साक्ष द्यायला मी तुमच्या चाळीत यायचं?" आतूनही हसू ऐकू आलं. मग ती ताकाचा पेला घेऊन बाहेर आली आणि पेला ठेवून जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पुरता विरघळलो. मास्तर म्हणाले, "खोटं बोललात हे कबूल करायला एवढी सायकल मारलीत. येतो मी रविवारी." आणि मी उतरून अंगणात आलो तेव्हा हळूच म्हणाले, "आलो की तुमची खोलीही बघून घेईन म्हणतो."

मुलीचा बाप खोली बघतो म्हणजे काय ते सांगायला नको. परत येताना चढ लागले की नाही ते मला आठवत नाही.

चाळीत पोचलो तो तडक मागच्या दारानं मावशीकडे. मुलीचं बोललो नाही, ते ठरल्यावर पेढ्यांसकट सांगणार होतो. एवढंच म्हणालो की मी तळेगावला होतो याचा साक्षीदार रविवारी येतोय, आता मी सुटलो. मावशी भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"तुमी तळेगावला गेलता त्याच दिशी मला ताप भरला," ती म्हणाली. "म्या अंगावर काढला. लाकडं वली हायती, धुरानं डोळं लाल झाल्यात, आसं सांगितलं समद्यास्नी. तसंच वाढलं. मला काय ठावं त्यो ह्योच ताप हाय? मागनं ती तीन पोरं पडली."

मी मागच्या दाराच्या उंबऱ्यावर टेकलो.

"तुमचं नाव निघालं तवा म्या गप बसले. म्हणलं, गडी मानूस हाय, कारखाना हाय, दोन म्हयन्यांत समदी इसरत्याल. माजी चूल इझली तर पुन्यांदा कोन पेटवू द्यायचं न्हाई." मग ती म्हणाली, "तुमी सांगा रविवारी. खरं त्ये सांगा. माजं म्या बगीन."

आतून म्हातारी विचारत होती, कोण आलंय म्हणून. मी निघून आलो. मला मावशीचा राग आला होता, तो मी लपवत नाही. मी शिव्या खात होतो आणि ही मला भाकऱ्या पोचवत होती! पण ती जे म्हणाली त्यात खोट सापडेना. रविवारपर्यंत मी रोज राग धरायचा प्रयत्न केला. टिकला नाही.

रविवारी मास्तर आले. काळी टोपी, हातात छत्री. नळाजवळ पुन्हा बैठक भरली, त्यांना खुर्ची दिली. पुढाऱ्यानं आधीच सांगून टाकलं, "हा सुटला तर सुटला. मग खानावळीचं बघावं लागेल, दुसरा इलाज नाही." मावशी दारात होती. तिनं मान खाली घातली होती.

मास्तर बोलायला उठणार तेवढ्यात मी उठलो. फार मोठा त्याग करतोय असं काही वाटत नव्हतं. शेवटच्या क्षणापर्यंत मी वाट बघत होतो की दुसरं कुणीतरी उठून काहीतरी बोलेल. कुणी उठलं नाही.

"मी मुंबईला गेलो होतो," मी म्हणालो. "गोदीत गेलो होतो. तो खलाशी माझ्या तोंडावर शिंकला. या गृहस्थांना मी गळ घालून इथं आणलं, त्यांचा काही दोष नाही."

"अहो, पण तुम्ही तर दोन्ही दिवस आमच्याकडे..." मास्तर म्हणाले. ते पुढेही काही म्हणत होते, पण ऐकतो कोण? शिंकणारा खलाशी चाळीला भलताच पसंत पडला होता. कुठल्या देशाचा, रुमाल धरला होता का, असे प्रश्न सुरू झाले, आणि मी उत्तरंही देत होतो. पुढारी मास्तरांना समजावत होता, "जाऊ द्या आजोबा, तुम्हाला पढवून आणलं होतं, आमच्या ध्यानात आलं."

आयुष्यभर मुलांना खरं बोला म्हणून शिकवलेला तो माणूस. त्यांनी छत्री उचलली. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मला वाटलं होतं, तुम्ही नुसते फार बोलता." खोलीचं दार मी सकाळीच झाडून-पुसून उघडं ठेवलं होतं. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

ताप व्हायचा त्यांना झाला. पुढाऱ्याला चांगलाच झाला, मलाही झाला. सुदैवानं आमच्या चाळीतलं कुणी दगावलं नाही. वर्तमानपत्राला दुसरा विषय मिळाला, दुकानांत कापूर आला, आणि कांदेवाल्या जोडप्याच्या खोलीतून सडलेले कांदे पोत्यांनी बाहेर निघाले. मला पंगतीत परत घेतलं. सगळे मला मुंबईवाले म्हणू लागले होते, आणि चारचौघांत मावशीही म्हणे.

एक दिवस वाढता वाढता ती माझ्यापाशी थांबली. हळूच म्हणाली, "त्या दिशी टोपीवालं म्हातारं आलतं, ते कोन हो तुमचं?"

"कुणी नाही. त्यांची मुलगी बघायला गेलो होतो तळेगावला."

"अगं बाई! मंग? ठरलं का?"

"मामाचं पत्र आलंय. दिली तिला. पुण्याकडं." आणि मी घाईघाईनं म्हणालो, "मलाच फारशी पसंत नव्हती म्हणा."

मावशीनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग हातातली भाकरी तशीच धरून ती माझ्या ताटापुढे खाली बसली. पंगत चालू असताना तिला बसलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. पलीकडून कुणीतरी आमटी मागत होतं, पुन्हा पुन्हा मागत होतं, आणि ते तिला ऐकू जात नव्हतं.