केसभर मिस्त्रीचा कोळी

कारखान्यात बावीस वर्षं माझ्या शेजारच्या लेथ मशीनवर एक मिस्त्री होता. कामात केसभर फरक चालायचा नाही, म्हणून त्याचं नाव पडलं केसभर. डोक्यावर मात्र एकही केस नव्हता.

त्याच्या खिडकीत एक कोळी होता, सातच पायांचा. चहाच्या सुट्टीत मिस्त्री त्याची शिकार बघत बसायचा. "बघ, हालचाल किती कमी आणि काम किती चोख. शीक जरा."

एका सकाळी जाळं फाटलेलं, कोळी गायब. झाडू मारणाऱ्या मावशीवर मिस्त्री तडकला.

"मी हात नाही लावला रे," मावशी म्हणाली.

"मग काय त्याला पंख फुटले?"

त्याने साहेबाकडे तक्रार केली. मावशीला बाहेरच्या आवारात टाकलं. तिथे भर उन्हात लोखंडाचा कीस गोळा करायचा. मावशीचे गुडघे दुखायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मिस्त्रीलाही.

चौथ्या दिवशी लेथला पाणी देणारी नळी फुटली. त्याने भिंतीवर टांगलेली जादा नळी उतरवली. पाणी पुढे जाईना. नळी टांगताना तोंडाला चिंधी कोंबायची, हा नियम त्याचाच. तोच विसरला होता. त्याने सळई घातली. वाळलेल्या चिखलाचा बोळा पडला, मागोमाग सात-आठ कोळी. मेलेले नव्हते, नुसते लुळे. त्यातल्या एकाला सातच पाय.

"कुंभारीण माशी," मी म्हणालो. "नांगी मारून लुळा करते नि पिल्लांना शिदोरी म्हणून चिखलात कोंडते."

"म्हणजे शिकाऱ्याचीच शिकार?"

"हो. आणि मावशी उन्हात."

त्याने लेथ बंद केला. भर पाळीत त्याला लेथ बंद करताना मी फक्त तेव्हाच पाहिलं. आधी साहेबाकडे जाऊन तक्रार मागे घेतली. मग आवारात गेला. आम्ही सगळे दारात.

"मावशी, चुकलं माझं. आत चला."

मावशीने मान वर केली नाही. "एवढा कीस उरलाय."

मिस्त्री खाली बसला आणि कीस गोळा करू लागला. हात कापला तरी थांबला नाही. शेवटची पाटी भरल्यावर मावशी गुडघ्यावर हात टेकत उठली.

"चल. पण आधी डोक्यातली जळमटं काढ."

"तिथे धरायला काही उरलंय कुठे, मावशी?"

मावशी हसली. आम्हीही.

ती एक नळी मिस्त्रीने कुंभारणीसाठी पुन्हा भिंतीला टांगली, चिंधी न कोंबता. तो निवृत्त झाल्यावर मीही कोंबली नाही.