ट्रंकेवर बसलेल्या बा

आधी बांचं सांगते, मग बाकीचं. इथे उत्तर गुजरातेत ज्यांच्या मागच्या खोलीत आम्ही भाड्याने राहतो, त्या आमच्या घरमालकीण. सगळं गाव त्यांना बा म्हणतं, मीही म्हणते. त्या हिवाळ्यात बा माझ्या ट्रंकेवर बसल्या म्हणून मी इथे टिकले.

मी मूळची भिवंडीची, कामतघरची. सातवीतच शाळा सुटली. आमचे हे सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावायच्या, कारखान्यात बॉयलर सांभाळायचे. कारखाना बंद पडला आणि ओळखीतून यांना इथल्या तेलाच्या विहिरींवर बॉयलरची ड्युटी मिळाली. विहिरी जुन्या झालेल्या. तेल आहे, पण गुळाच्या पाकासारखं घट्ट, वर यायला तयार नाही. म्हणून एका विहिरीत वाफ सोडायची, मग तोंड बंद करून ती तशीच ठेवायची. आतलं तेल पातळ झालं की उपसायचं. पहिला प्रयोग बांच्या जिऱ्याच्या शेताकडेच्या विहिरीवर होता. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, तेल वाढलं तर बॉयलर राहील, नाहीतर परत जाईल. बॉयलर गेला की आम्हीही गेलो.

वाफ सोडत होते तोवर मी मजेत होते. बॉयलरची घरघर घरापर्यंत यायची. लूमच्या खडखडाटात वाढलेली मी, मला त्या आवाजावर छान झोप लागायची. एके सकाळी मी भाकऱ्या थापत होते आणि आवाज थांबला. कामतघरला आवाज थांबला म्हणजे लाइट गेली, नाहीतर मालकाने टाळं लावलं. पिठाच्या हातानेच विहिरीकडे धावत सुटले.

"अहो, काय झालं? बंद का पडलं?"

"पडलं न्हाय, बंद केलंय. आता वाफ मुरू द्यायची."

"किती दिवस?"

"साहेब सांगतील तेवढे. तू तवा बघ जा, भाकरी जळतेय."

भाकरी जळलीच. दोन दिवस ती शांतता मला खात होती. तिसऱ्या दिवशी मी ट्रंक काढली आणि भांडी भरायला लागले. म्हटलं, जायचंच आहे तर ऐनवेळी धावपळ नको. बा दारात आल्या, बघितलं, झाकण लावलं आणि ट्रंकेवर बसल्या. बांचं वजन चांगलंच. ट्रंक कुरकुरली.

"बा, उठो ना."

"नहीं उठूँगी. पहले बता, तेरे गाँव में ठंडी में क्या पकाते हैं?"

रडता रडताच मी पोपटीचं सांगितलं. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, ओवा, मीठ, वरखाली भांबुर्ड्याचा पाला, आणि मडकं उपडं करून भोवती जाळ. भांबुर्डा हा आमच्याकडचा रानपाला, तो इथे कुठला? बांनी कोबीची पानं आणली. हे म्हणाले, "कोंबडीशिवाय पोपटी?" मी डोळे वटारले. बांच्या अंगणात कोंबडीचं नाव काढायची सोय नव्हती.

संध्याकाळी विहिरीवरची सगळी माणसं शेकोटीभोवती जमली. जरा वास सुटला तसा एकाने काठीने मडकं उचलायला घेतलं. मी ओरडले, "हाथ नहीं लगाने का! अंदर भाप है, उसका काम उसको करने दो. कच्चं राहील ना!"

बा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तो पछी कूवा माटे शुं काम रडे छे?" मग विहिरीसाठी कशाला रडतेस?

सगळे हसले, हे सगळ्यात जोरात. मीही हसले. शेंगा मात्र झकास शिजल्या होत्या.

पुढे विहीर उघडली तेव्हा आधी नुसती वाफ आणि गढूळ गरम पाणी आलं. हे घरी आले आणि अर्धी भाकरी टाकून उठले. माझी नजर ट्रंकेकडे गेली. बा पुन्हा जाऊन तिच्यावर बसल्या आणि तिथूनच शेंगा सोलत राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी हे धावत आले, कोपरापर्यंत काळे. "आलं गं! नुसतं वाहतंय!" बांनी त्यांच्या बाहीवरचं तेल बोटाला घेतलं आणि माझ्या गालावर तीट लावली. तो डाग दोन दिवस निघाला नाही. मी फार घासलाही नाही.

बॉयलर तिथून दुसऱ्या विहिरीवर गेला, मग तिसऱ्या. आम्ही त्याच खोलीत. आजही कुठलीही विहीर मुरत ठेवली की माझा कान तिकडेच लागलेला असतो, नाही असं नाही. पण ट्रंकेत आता गोधड्या असतात.

बांनी अजून भिवंडी पाहिलेली नाही. एका हिवाळ्यात त्यांना कामतघरला नेणार आहे. भांबुर्ड्याच्या पाल्यातली खरी पोपटी लावीन, बिनकोंबडीची. शिजेपर्यंत त्यांना बसायला तिथली माझ्या आईची ट्रंक देईन, आणि मडकं उघडायचा मान त्यांचाच.