अण्णांची पाटी

सप्तापूरच्या आमच्या कंपनीत लेथ मशीन चालवणारी इलेक्ट्रॉनिक कार्डं बनायची. कार्डावर प्रोसेसर दोन, मेमरी मात्र दोघांत एकच. तिच्यातली कुठली जागा कुणाच्या प्रोग्रॅमची, हे अण्णा, म्हणजे आमचे सीनियर, भिंतीवरच्या पाटीवर लिहून ठेवत. खडू कायम त्यांच्या खिशात. "आधी पाटी, तम्मा, मग लिंकिंग," हे दिवसातून चारदा ऐकून मला, त्यांच्या तम्माला म्हणजे धाकट्या भावाला, वैताग येई.

एकदा पाटी न बघताच मी प्रोग्रॅम लिंक केला, म्हणजे त्याची मेमरीतली जागा परस्पर ठरवून टाकली. तो अण्णांच्याच जागेत लिहू लागला आणि गिऱ्हाइकासमोर मशीन मध्येच थांबलं. अण्णा गिऱ्हाइकाला म्हणाले, "चूक माझी." परत आल्यावर त्यांनी पाटीवर त्या जागेपुढचं स्वतःचं नाव पुसून तिथं माझं लिहिलं आणि खडू माझ्या हातात दिला.

"आता मला कुठली जागा देतोस, तम्मा?"