पंपाचा मुलामा

अकोल्याहून अमरावतीला जाताना एसटीत एक नवरा-बायको माझ्या बाकावर आले; नवरा माझ्या शेजारी बसला आणि माझं डोकं उठलं. त्याच्या हृदयाला पंप जोडलेला होता आणि बॅटरीची पिशवी गळ्यात होती. कंडक्टर म्हणाला, "पिशवी वर ठेवा." यानं ती छातीशी धरली. "वर कशी ठेवू गा? मोटर हाय माही."

मग मूर्तिजापूरपर्यंत एकच तुणतुणं. "डॉक्टरच म्हनला, पंपाले आतून असा मुलामा हाय का रगत चिकटत नाही. मंग रगत पातळ कराची गोळी कायले? नॉनस्टिक तव्यावर कोनी तेल टाकते काय?"

मी परोपरीनं सांगितलं, मुलामा असला तरी रक्ताची गाठ होऊ शकते, गोळी सोडली तर जीव जाईल. त्यानं हात झटकला. खिडकीशी बसलेल्या बायकोनं दिलेला गुळाचा खडा तोंडात टाकून म्हणाला, "गोळी बंद केली. जित्ता हावो का नाही?"

मूर्तिजापूरला तो पाय मोकळे करायला उतरला. बायको हळूच म्हणाली, "गुळात गोळी दाबून देतो मी, बैलाले दवाई देतेत तशी. त्यायले ठाव नाही."

तो परत आला. पुन्हा तवा, पुन्हा तेल. मी कपाळाला हात लावला.

अमरावतीला मी उठून वाट दिली. बायको पुढे गेली. तो पिशवी सावरत माझ्या कानाशी वाकला.

"गूळ रोज कडू लागते. पन तिले सांगू नोका."