उजव्या पायाचा बूट

मी नुकताच मास्तर झालो होतो. वऱ्हाडातल्या मालेगावहून वाशीमला येताना मोटारीत ड्रायव्हरशेजारची जागा मिळाली, म्हणून ऐटीत बसलो. ड्रायव्हरनं उजव्या पायातला बूट काढला आणि थेट माझ्या कोऱ्या धोतरावर ठेवला.

"धरा मास्तर. इथं जो बसते, त्याले बूट धरा लागते."

"काहून?"

"बुटाले इंजिनचं ऐकू येत नाही. टाचेले येते."

मी चिडणार, तेवढ्यात उतार लागला आणि खाली वळणावर कापसाच्या बैलगाड्या दिसल्या. डोळे मिटणार होतो, पण त्याच्या पायाकडे नजर गेली आणि मिटायचं राहूनच गेलं. पायाची बोटं ब्रेक दाबून होती आणि त्याच पायाची टाच तिरकी होऊन ॲक्सिलरेटरला ठोसा देत होती. डावा पाय क्लचवर दोनदा नाचला. इंजिन गरजलं, आणि एरवी करकरणारा गिअर मुकाट्यानं खालचा पडला. मोटार बैलांमागे शहाण्यासारखी चालू लागली.

"अजून एकदा करा!" मी बूट छातीशी धरून ओरडलो.

"आता उतार कुठून आणू, मास्तर?"

वाशीमला मी हसतच उतरलो. मोटार हिंगोलीकडे निघाली, तेव्हा ध्यानात आलं की बूट माझ्याच हातात आहे. मी धावलो.

"राहू द्या, सकाळी वापस येतो!" तो एकाच बुटावर ओरडला.

सकाळी बूट स्टँडवरच देता आला असता. मी मालेगावचं तिकीट काढलं आणि बूट मांडीवर घेऊन बसलो. मालेगावात माझं काडीचं काम नव्हतं, पण येताना तो उतार लागणार होता.