काहिलीची गिरकी

शिरूरच्या बाजारात गुळाची ढेप फुटली, की त्या वासासरशी मी पुन्हा काहिलीत जाऊन बसते.

मांडवगणला नदी ओलांडायला आम्ही गुऱ्हाळातली जुनी काहील, म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी गोल कढई, वापरायचो. त्या दिवशी पलीकडे माझा बारावीचा पेपर होता आणि भर पात्रात माझ्या चुलत्यांच्या, आप्पांच्या हातून वल्हं निसटलं. मी घाबरून हातानं पाणी मारत सुटले, तर काहील जागच्या जागी गरगरायला लागली. काठ, ऊस, पुन्हा तोच काठ. मी रडकुंडीला आले.

"गप बस पोरी. गोल हाय ती, पाण्याला धराया कोपराच न्हाई," म्हणत आप्पांनी एक पाय पाण्यात सोडला. गिरकी मंदावली. मग दोघांनी दोन्हीकडून पाणी मारत काठ गाठला.

आता मी कॉलेजात भौतिकशास्त्रात तेच शिकवते: दिशा बदलूनही काहीच बदलत नसेल, तर फिरणं टिकून राहतं. फळ्यावर हे लिहिताना दरवर्षी मला माझेच दिवस आठवतात. तीच एसटी, तोच वर्ग, तेच घर. कुठूनही बघा, सगळं सारखंच.

आप्पा आता नाहीत. आणि पाय बाहेर सोडायचा मला अजून धीर होत नाही.