मळमळतंय याला जर्मन

आमच्या घरात कॉलेज पुरं केलेली मी पहिली. नर्सिंगची पदवी आहे, हे आमच्या येरवड्यात कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. जर्मनीतल्या एका हॉस्पिटलनं नोकरी देऊ केली तेव्हा अट एकच होती: जर्मनची बी-टू या पातळीची परीक्षा पास व्हायची. नाही झाले, तर जागा दुसरीला.

परीक्षा दोन प्रकारच्या. एक सर्वसाधारण, पवनचक्क्यांसारख्या विषयांवर मत मांडायला लावणारी; एक खास नर्सिंगवाल्यांसाठी. मला पहिलीच द्यायची होती, ती मोठी वाटायची. क्लासमधले इंजिनिअर तर म्हणायचे, "नर्सिंगवाली? ती चीटिंग आहे यार!"

बुधवार पेठेत पुस्तकांच्या दुकानावरच्या खोलीत आमच्या बाई शिकवायच्या. कॉलेजातून निवृत्त झालेल्या, पोराटोरांनाही अहो-जाहो करणाऱ्या. कुठली देऊ, ते मी त्यांनाच विचारलं.

"तिकडे जाऊन आपण पवनचक्क्यांवर मत मांडणार आहात का?"

"नाही, बाई."

"पेशंट सांभाळणार ना? मग त्याचीच परीक्षा द्या. मोठेपणा विमानतळावर कुणी तपासत नाही."

लागलं जरा. पण पटलं, आणि मी नर्सिंगची परीक्षा धरली.

मग तालमी सुरू झाल्या. एकदा बाई नर्स झाल्या आणि मी पेशंट. मळमळतंय, एवढंच सांगायचं होतं. मी आधी मनात 'आय अॅम'नं सुरू होणारं इंग्रजी वाक्य जुळवलं. कॉलेजात रडतखडत शिकलेलं इंग्रजी, त्याचा मला कोण अभिमान! त्याच्यावरून जर्मन केलं आणि ठणकावून म्हणाले, "इश बिन श्लेश्ट."

बाईंनी चष्मा काढला. "आपण आत्ता सांगितलंत, मी वाईट आहे. त्यावर डॉक्टरांकडे औषध नसतं."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत.

"मराठीत काय म्हणता?"

"मला मळमळतंय."

"'मला'! जर्मन माणूसही तेच म्हणतो. मीर इस्ट श्लेश्ट. मीर म्हणजे मला. मला थंडी वाजतेय, मला उकडतंय, तिथंही मीरच. घरातून सरळ रस्ता असताना इंग्रजीला वळसा कशाला?"

मराठी बाजूला ठेवा म्हणणारे मला कॉलेजभर भेटले होते. ती बरोबर घेऊन या म्हणणाऱ्या या पहिल्या.

त्यानंतर मी घरातल्या सगळ्या दुखण्यांचं जर्मन करत सुटले. आई म्हणाली, "मला चक्कर येतेय गं." मी म्हणाले, "मीर इस्ट श्विंडलिश!"

"अगं भवाने, आधी पाणी दे!"

तोंडी परीक्षेत पेशंटची माहिती पुढच्या पाळीच्या नर्सला द्यायची होती. जखमेवरच्या पट्टीचा शब्दच आठवेना. मग 'जखम झाकतो ते पांढरं कापड' असं सांगून पुढे गेले. परीक्षक बाईंनी मान डोलावली.

निकाल लागला तसा बाईंना फोन केला. "बाई, पास झाले!"

"व्हायलाच हवं होतं. मी काय उगाच घसा कोरडा करत होते?" मग म्हणाल्या, "जाण्याआधी एकदा क्लासला येऊन बसाल का? नव्या मुली मोठ्या परीक्षेच्या मागे लागल्यात. माझं ऐकत नाहीत, आपलं ऐकतील."

एकदा नाही, जाईपर्यंत रोज गेले.